मैदानात जिंकले, दाराशी अडले

फुटबॉलचा निकाल गोलांवर लागतो, हे शाळेतले पोरही सांगेल. जास्त गोल करील तो जिंकतो. सारा हंगाम जिंकत राहील तो वरच्या गटात जातो, हरत राहील तो खाली येतो. पण आपल्याच देशात ३० एप्रिल २०१७ रोजी एक संघ राष्ट्रीय लीगचा विजेता झाला आणि तरीही वरचे दार त्याच्यासाठी उघडले नाही. कारण ते दार गोलांनी उघडणारे नव्हते. त्याला वर्षाला सुमारे पंधरा कोटी रुपयांची किल्ली लागत होती.

त्या संघाचे नाव ऐजॉल फुटबॉल क्लब. मिझोरामसारख्या लहानशा डोंगरी राज्यातला हा क्लब. त्याची हकीकत पुढे येईलच. त्याआधी एका प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे. आपल्या वाचकांपैकी कोणी गिरणीत राबले, कोणी पालिकेत, कोणी रेल्वेत, कोणी कारखान्यात. कोट्यवधींच्या या व्यवहाराशी आपला काय संबंध, असे त्यांना वाटेल. संबंध आहे. वस्तीतल्या मैदानावर जो मुलगा अनवाणी चेंडूमागे धावतो, त्याच्यापासून राष्ट्रीय संघापर्यंत एक शिडी जाते. तिच्या प्रत्येक पायरीवर कोणीतरी फी मागत असते. ती कोण मागतो, कशासाठी मागतो आणि शेवटी कोणाच्या खिशातून जाते, हे आईवडिलांना कळलेच पाहिजे.

आधी लहान क्लबाचा जमाखर्च

मंडळाचे पावतीपुस्तक ज्यांनी हाताळले आहे त्यांना हा हिशेब सोपा जाईल. समजा, एका वस्तीत पंचवीस मुलांचा फुटबॉल क्लब आहे. प्रत्येक मुलाकडून महिना दीडशे रुपये वर्गणी घेतली आणि वर्षातून दहा महिने ती नीट जमली, तर ३७,५०० रुपये झाले. आता खर्च पाहा. सहा चेंडू दीड हजारांप्रमाणे ९,००० रुपये. पंचवीस मुलांचे कपडे सहाशेप्रमाणे १५,००० रुपये. बारा सामन्यांचे जाणे-येणे दीड हजाराप्रमाणे १८,००० रुपये. बेरीज झाली ४२,०००. मैदानाचे भाडे, प्रथमोपचाराची पेटी, मुलांचा नाश्ता अजून धरलेलाच नाही आणि साडेचार हजारांची तूट आलीसुद्धा. ती तूट सहसा प्रशिक्षक किंवा खजिनदार आपल्या पगारातून भरतो, किंवा कोणा दानशूर दुकानदाराकडे हात पसरतो.

अशा क्लबावर वरच्या संघटनेने वर्षाला दहा हजार रुपये फी बसवली, तर प्रत्येक मुलामागे चारशे रुपये वाढले. तीच दहा हजारांची फी दोनशे मुलांच्या श्रीमंत अकादमीला लावली, तर तेथे मुलामागे केवळ पन्नास रुपये पडतात. कागदावर नियम सर्वांना सारखा. पण लहानाला चारशे आणि मोठ्याला पन्नास, याला समानता म्हणता येईल काय? एका घरातली दोन भावंडे खेळत असतील तर त्या घराला आठशेचा फटका. मग घरात ठरते की एकालाच पाठवू. आणि मुलगा-मुलगी असतील तर घरी कोण राहते, हे सांगायला नको.

फी तीन प्रकारांनी येते. पहिली क्लबामागे, दुसरी खेळाडूमागे आणि तिसरी स्पर्धेत शिरण्याची. पहिल्या दोन लहान क्लबांना हळूहळू थकवतात. तिसरी एका दिवसात दार बंद करते. या तिसऱ्या फीने आपल्या देशातील फुटबॉलचे काय केले, ते आता पाहू.

पंधरा कोटींचे दार

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू केली. २००७ मध्ये तिचेच रूप बदलून आय-लीग झाली. या स्पर्धेत कोलकात्याचे मोहन बागान व ईस्ट बंगाल होते, गोव्याचे धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स होते, मुंबईचे महिंद्र युनायटेड आणि एअर इंडिया होते. कोणी उद्योगपतींचे, कोणी सरकारी खात्याचे, कोणी सभासदांचे. पण खेळून वर येण्याची वाट होती.

९ डिसेंबर २०१० रोजी महासंघाने आयएमजी-रिलायन्स या कंपनीशी पंधरा वर्षांचा करार केला. सातशे कोटी रुपयांच्या बदल्यात देशातील फुटबॉलचे व्यापारी हक्क कंपनीकडे गेले. भागाकार केला तर वर्षाला सुमारे शेहेचाळीस कोटी सहासष्ट लाख. या करारातून १२ ऑक्टोबर २०१४ रोजी इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, सुरू झाली. तिच्यात आठ नवे संघ होते. त्यांपैकी मुंबई आणि पुण्याला एकेक, गोव्याला एक. जुन्या क्लबांना खेळाच्या बळावर येथे जागा नव्हती. जागा विकत घ्यायची होती. २०१७ मध्ये नवे संघ घेण्यासाठी निविदा निघाली तेव्हा वर्षाची फी सुमारे पंधरा कोटी असल्याचे वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाले. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल हे शतकभराची परंपरा असलेले क्लबसुद्धा ती फी पाहून थबकले. धनिकांची साथ मिळाल्यावर २०२० मध्ये ते आत गेले.

ज्यांना अशी साथ मिळाली नाही, त्यांचे काय झाले?

गोव्याची तीन घरे

गोव्यात फुटबॉल गावागावांत खेळला जातो. धेंपो क्लबाने राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळवले. एवढ्या वेळा ते दुसऱ्या कोणत्याही गोवेकर क्लबाला मिळाले नाही. साळगावकरने १९९८-९९ आणि २०१०-११ मध्ये ते मिळवले. स्पोर्टिंग क्लब द गोवा हा १९९९ मध्ये निघालेला तरुण क्लब.

२०१६ मध्ये महासंघाने पुढील आराखडा मांडला. आयएसएल ही देशाची पहिली लीग होणार आणि आय-लीग तिच्याखाली जाणार, असा त्याचा रोख होता. ज्या क्लबांनी वर्षानुवर्षे पैसा आणि घाम ओतला, त्यांना दुसऱ्या रांगेत बसवले जाणार होते, आणि पहिल्या रांगेत खेळून जाण्याचा मार्ग दिसत नव्हता. त्या वर्षी साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या तिघांनीही आय-लीगमधून माघार घेतली. धेंपोची गोष्ट तर मनाला लागते. हा क्लब २०१५ मध्ये दुसऱ्या गटात उतरला होता. २०१६ मध्ये दुसरा गट जिंकून त्याने वर येण्याचा हक्क मैदानावर कमावला आणि लगेच तो सोडून दिला.

येथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१२ मध्ये गोव्यातील खाणी बंद झाल्या आणि खाणमालकांच्या क्लबांची तिजोरी आटली होती. शिवाय याच घराण्यांतील उद्योगपतींनी नव्या एफसी गोवा संघात सुरुवातीला भांडवल घातले होते. तेव्हा सारा दोष एकट्या फीवर टाकता येणार नाही. पण उद्योगपतीला एका क्लबातून पैसा काढून दुसऱ्यात घालता येतो. जुन्या क्लबाच्या कनिष्ठ संघात खेळणाऱ्या मच्छीमाराच्या किंवा ट्रकचालकाच्या मुलाला तसे करता येत नाही. त्याची एक पायरी गेली ती गेलीच. धेंपो पुन्हा आय-लीगमध्ये उतरायला २०२४-२५ चा हंगाम उजाडावा लागला.

ऐजॉलचा धडा

गोव्याच्या क्लबांनी सोडलेल्या जागेतून ऐजॉलचे नशीब उघडले. हा क्लब २०१६ मध्ये खालच्या गटात गेला होता. जागा रिकाम्या झाल्याने त्याला परत घेण्यात आले. पुढच्याच हंगामात त्याने शिलाँगमध्ये शिलाँग लाजाँगशी १-१ अशी बरोबरी साधून विजेतेपद पटकावले. ईशान्येकडील एखाद्या क्लबाने ते मिळवण्याची ही पहिलीच वेळ.

त्यांचे वर्षाचे अंदाजपत्रक सुमारे दोन कोटींच्या घरात असल्याचे तेव्हा छापून आले होते. आता आपणच भागाकार करू. आयएसएलची एका वर्षाची फी म्हणजे ऐजॉलचा साडेसात वर्षांचा सगळा खर्च! खेळाडूंचे पगार, प्रवास, मैदान, जेवण, सारे बंद ठेवून साडेसात वर्षे पैसे साठवायचे, तेव्हा एक वर्ष दाराच्या आत उभे राहता येणार. विजेतेपदाच्या आनंदातच क्लबाला महासंघाकडे दाद मागावी लागली. वरचे दार उघडले नाही. त्यानंतर मिनर्व्हा पंजाब, चेन्नई सिटी आणि गोकुळम केरळ यांनीही आय-लीग जिंकली. त्यांनाही त्या विजयाच्या बळावर आयएसएलमध्ये जागा मिळाली नाही. गोकुळमने तर २०२१ आणि २०२२ अशी लागोपाठ दोनदा लीग जिंकली.

ऐजॉलचे प्रशिक्षक होते खालिद जमील. हे नाव मुंबईकरांच्या ओळखीचे आहे.

मुंबईत काय उरले

खालिद जमील खेळाडू म्हणून महिंद्र युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसी या मुंबईच्या तीन क्लबांतून खेळले. नंतर त्यांनी मुंबई एफसीला अनेक वर्षे शिकवले. ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक नेमले गेले. ज्या तीन क्लबांनी त्यांना घडवले, त्यांचे काय झाले ते पाहा.

२००५-०६ चा राष्ट्रीय विजेता महिंद्र युनायटेड २०१० मध्ये मालक कंपनीने बंद केला. एअर इंडिया आणि ओएनजीसी हे खात्यांचे संघ २०१२-१३ च्या हंगामानंतर परवान्याच्या अटींमुळे आय-लीगबाहेर गेले. मुंबई एफसी २०१७ मध्ये खालच्या गटात गेला आणि त्यानंतर उभाच राहिला नाही. त्याच वर्षी पुण्याच्या डीएसके शिवाजियन्सनेही निरोप घेतला.

महिंद्र बंद झाला तेव्हा आयएसएल नव्हती, म्हणून तो दोष त्या फीचा नव्हे. पण खात्यांच्या संघांची गोष्ट आपल्या घरांच्या फार जवळची आहे. रेल्वे, बँका, विमान कंपनी, तेल कंपनी यांच्या संघात निवड झाली की मुलाला नोकरी लागत असे. गुडघा दुखावला तरी पगार चालू राही. खेळ संपल्यावर टेबल-खुर्ची मिळे. कामगाराच्या मुलाला खेळात उतरण्याचे धैर्य या नोकरीने दिले होते. आशियाई फुटबॉल संघटनेच्या परवाना पद्धतीत क्लब स्वतंत्र संस्था असावा, त्याचे हिशेब तपासलेले असावेत, मुलांचे संघ असावेत, अशा अटी आहेत. त्या मुळात वाईट नाहीत. परंतु प्रत्येक अटीमागे खर्च आहे, आणि तो खर्च पेलण्यासाठी महासंघाने पुरेसा हात दिला नाही, तर चांगली अटही कुंपण होते. २०१४ मध्ये चर्चिल ब्रदर्स, युनायटेड एससी आणि रांगदाजिद युनायटेड हे तीन क्लब याच अटींवर वगळले गेले. त्यांपैकी चर्चिलने त्याच वर्षी जानेवारीत फेडरेशन चषक जिंकला होता.

आणि ज्यांनी फी भरली ते तरी सुखी झाले काय? एफसी पुणे सिटी हा आयएसएलचा संघ २०१९ मध्ये बंद पडला आणि ती जागा हैदराबादला गेली. मध्यवर्ती उत्पन्नातून संघांना वाटा मिळत असे, तरी बहुतेक संघ तोट्यात राहिले. जेथे दाराशीच एवढा पैसा जातो, तेथे गल्लीतल्या मुलांसाठी मैदान घ्यायला किती उरणार?

दंड पुरुषांचा, झळ मुलींना

वरून मागितलेला पैसा खाली कोणाला लागतो, याचे एक उदाहरण विसरता येणार नाही. मार्च २०२३ मध्ये केरळ ब्लास्टर्सचा पुरुष संघ पंचांचा निर्णय न पटल्याने सामना अर्धवट सोडून निघून गेला. महासंघाने क्लबाला चार कोटींचा दंड केला. अपील जूनमध्ये फेटाळले गेले. त्यानंतर काही दिवसांतच आर्थिक अडचणीचे कारण सांगून क्लबाने महिलांचा संघ तात्पुरता बंद केला. मैदान सोडले पुरुषांनी आणि खेळ थांबला मुलींचा. शिस्तीसाठी दंड हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण पैशाची कात्री चालते तेव्हा ती आधी कोठे चालते, हे आपल्या आयाबहिणींना वेगळे सांगावे लागणार नाही. घरात काटकसर सुरू झाली की कोणाचे शिक्षण आधी थांबत असे, हे त्यांनी पाहिलेले आहे.

आता दार किती उघडले

२०१९ मध्ये आशियाई संघटनेच्या संमतीने नवा आराखडा ठरला. आयएसएल पहिल्या दर्जाची झाली, पण २०२२-२३ पासून आय-लीगच्या विजेत्याला प्रवेश फी न घेता वर घ्यावे असे त्यात आले. त्याप्रमाणे २०२३ मध्ये राउंडग्लास पंजाब आणि २०२४ मध्ये कोलकात्याचा मोहम्मडन स्पोर्टिंग वर गेले. ऐजॉलला जे मिळाले नाही ते सहा वर्षांनी दुसऱ्याला मिळाले. ही सुधारणा खरी आहे. मात्र वर गेल्यावर मोहम्मडनला खेळाडूंचे पगार वेळेवर देणे जड गेले. फी माफ झाली तरी वरच्या मजल्यावरचा खर्च माफ होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर २०२५ रोजी महासंघाच्या नव्या घटनेला काही दुरुस्त्यांसह मान्यता दिली. इकडे पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला. नव्या कंपनीसाठी निविदा काढली, तर मुदतीत एकही बोली आली नाही. २०२५-२६ चा हंगाम नेहमीच्या वेळी सुरूच झाला नाही. एकाच धनकोवर सारे घर उभे केले की तो उठून गेल्यावर काय होते, हे देशाने पाहिले.

फी असावी, पण कशी?

फी अजिबात नको, असे म्हणणे व्यवहाराचे नाही. पंचांना मानधन द्यावे लागते, खेळाडूंची नोंद ठेवावी लागते, विमा काढावा लागतो. वर्गणीशिवाय आपले मंडळ चालत नाही, तशी संघटनाही चालणार नाही. पण वर्गणीचे काही धर्म आहेत. फी क्लबाच्या आकाराप्रमाणे असावी. पंचवीस मुलांच्या क्लबाला आणि दोनशेच्या अकादमीला एकच आकडा नको. जमलेल्या फीचा ठरावीक भाग जिल्ह्यात मुलामुलींच्या स्पर्धांसाठी परत यावा. कोणत्या कामाला किती खर्च झाला ते दरवर्षी जाहीर व्हावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, वरच्या गटातली जागा विकली जाऊ नये. ती खेळूनच मिळावी आणि खेळूनच जावी.

पालकांनी काय पाहावे

मुलाला वा मुलीला क्लबात घालताना पुढील गोष्टी विचाराव्यात. विचारण्यात कसलाही कमीपणा नाही.

क्लब नोंदणीकृत संस्था आहे काय? महाराष्ट्रात अशी बहुतेक मंडळे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असतात. त्यांना दरवर्षी हिशेब तपासून धर्मादाय कार्यालयात द्यावे लागतात. सभासद पालकाने वार्षिक सभेला जावे आणि जमाखर्चाचे पत्रक मागावे.

दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी. पावतीवर वर्गणी किती, संघटनेची फी किती, कपड्यांचे किती, हे वेगळे लिहून घ्यावे. "वरून मागितले" एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. वरून किती मागितले, त्याचे पत्र दाखवा म्हणावे.

मुलाची नोंद कोणत्या वर्षी, कोणत्या क्लबाच्या नावे झाली, याचा कागद जपून ठेवावा. फिफाच्या नियमाप्रमाणे व्यावसायिक खेळाडू करार चालू असताना मोबदला देऊन परदेशी क्लबात गेला, तर त्या रकमेचा पाच टक्के हिस्सा त्याला वयाच्या बाराव्या ते तेविसाव्या वर्षांच्या काळात शिकवणाऱ्या क्लबांना वाटला जातो. बारा ते पंधरा वयाच्या प्रत्येक वर्षामागे पाव टक्का, पुढे प्रत्येक वर्षामागे अर्धा टक्का. एक कोटीचा व्यवहार झाला तर एका वर्षाच्या शिकवणीचे पंचवीस ते पन्नास हजार रुपये वस्तीतल्या क्लबाला मिळू शकतात. पण नोंद नसेल तर हक्कही नाही. आपल्याकडे कागद न ठेवल्याने किती हक्क बुडाले, हे कार्यालयात काम करणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे.

शेवटची गोष्ट संघटनांविषयी. केंद्र सरकारचे अनुदान घेणाऱ्या क्रीडा महासंघांना माहितीचा अधिकार लागू होतो. फीचा हिशेब मागण्यासाठी मोठा वकील लागत नाही, एक साधा अर्ज पुरतो. जिल्ह्यातल्या पाच-दहा लहान क्लबांनी एकत्र बसून असा अर्ज करावा आणि जिल्हा संघटनेच्या सभेत लहान क्लबांसाठी सवलतीची फी मागणारा ठराव मांडावा. एकट्या क्लबाचे पत्र फाइलीत पडून राहते. दहा क्लबांच्या सह्यांचे पत्र सभेपुढे ठेवावे लागते.